पाठदुखी, अफू आणि मर्दन-चिकित्सा

पाठदुखीला कोणी भयंकर रोग म्हणत नाहीं. तरी अमेरिकेंतील कित्येक घरांच्या नाशाचा आरंभ एवढ्याशा दुखण्यापासून झाला. कंबर धरली, गुडघा दुखावला किंवा दाढ काढली; डॉक्टरांनीं वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या; पुढें वेदना गेली, पण गोळी सुटली नाहीं.

ह्या गोळ्या अफूच्याच कुळांतल्या. १८९८ सालीं बायर कंपनीनें हेरॉईन हें खोकल्याचें औषध म्हणून बाजारांत आणलें होतें, हें आज ऐकून नवल वाटतें. पण तोच प्रकार पुन्हा घडला. १९९६ सालीं अमेरिकेंत ऑक्सिकॉन्टिन निघालें, आणि त्याचें व्यसन लागण्याची भीति थोडी, असें डॉक्टरांच्या मनावर ठसविण्यांत आलें. ह्या दिशाभुलीबद्दल २००७ सालीं पर्ड्यू कंपनीच्या एका संलग्न संस्थेनें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. पुढें गोळ्या दुर्मिळ झाल्या तशीं माणसें हेरॉईनकडे व फेंटानिलकडे वळलीं. एकट्या २०२१ सालीं त्या देशांत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेनें एक लाखाहून अधिक माणसें मेलीं. त्यांपैकीं सुमारें ८०,००० मृत्यूंत अफूवर्गीय द्रव्यें होतीं.

गोळी नको तर मग काय, हा प्रश्न त्या देशांत जुना आहे. अँड्र्यू टेलर स्टिल ह्या डॉक्टरांच्या घरांतील तीन मुलें १८६४ सालीं मेंदूज्वरानें गेलीं. त्यांचा औषधांवरील विश्वास उडाला आणि त्यांनीं हातांनीं सांधे व स्नायू हाताळण्याची ऑस्टिओपथी काढली. १८९५ सालीं डी. डी. पामर यांनीं कायरोप्रॅक्टिक सुरू केलें. पाठीचा कणा सरळ केला कीं बहुतेक रोग पळतात, अशा ह्या मंडळींच्या बढाया टिकल्या नाहींत, हें बरेंच झालें. कंबरदुखीपुरतें मात्र त्यांत तथ्य निघालें. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या संस्थेनें २०१७ सालीं कंबरदुखीसाठीं प्रथम शेक, मालीश, व्यायाम, कण्याची हस्तचिकित्सा हे उपाय करावेत, आणि अफूवर्गीय औषध अगदीं शेवटीं, तेंही निवडक रोग्यांस द्यावें, असें सांगितलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पाठ, गुडघा व खुबा यांच्या जुनाट दुखण्याच्या २४० रोग्यांस वर्षभर पाहिलें. अफूवर्गीय गोळ्यांनीं साध्या औषधांपेक्षां कांहींच अधिक साधलें नाहीं.

ठेच लागली कीं आपण अंगठा चोळतों. स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूंत वेदनेची वाट अडविते, अशी त्याची उपपत्ति मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं मांडली. मर्दनाचा हा गुण अल्पकाळच टिकतो. त्या अवधींत रोगी चालूं लागला, व्यायाम करूं लागला, तरच खरा लाभ. उलट अफू दीर्घकाळ घेतली तर कित्येकांची वेदना अधिकच तीक्ष्ण होते.

परंतु व्यसन एकदां जडल्यावर मर्दनाकडून फार अपेक्षा करूं नये. अफू सुटतांना अंगावर कांटा येतो, हाडें फुटतात, पाय झटकले जातात, झोंप लागत नाहीं. अशा वेळीं मायेच्या हातानें पाय चेपले तर जिवाला बरें वाटतें, इतकेंच. मुख्य उपचार मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन यांचा. ‘एक विष काढून दुसरें घालावयाचें काय?’ असें घरांतील वडील मंडळी विचारतात. पण ह्या औषधांनीं मृत्यु टळतात हें पुष्कळ वर्षांच्या अनुभवानें ठरलें आहे. चार आठवडे मालीश व पथ्य करून मुलाला ‘बरा’ म्हणून घरीं आणलें, आणि त्यानें चोरून पूर्वीचीच मात्रा घेतली, तर ती त्याचा प्राण घेते. कारण मधल्या काळांत शरीराची सहनशक्ति उतरलेली असते. अब्रूसाठीं गुपचूप घरगुती उपाय करणाऱ्या कुटुंबांनीं ही गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी.

आपल्याकडेही ट्रॅमाडॉल हें ह्याच वर्गांतलें औषध सर्रास लिहिलें जाई. २०१८ सालीं तें मादक पदार्थांच्या कायद्याखालीं आणावें लागलें. आजोबांच्या कंबरेसाठीं आणलेल्या चिठ्ठीवर तें असेल, तर किती दिवस घ्यावयाचें व कसें थांबवावयाचें, हें डॉक्टरांस त्याच वेळीं विचारावें. रोज घेत असल्यास एकाएकीं बंद करूं नये. मालिशीसाठीं शिकलेला फिजिओथेरपिस्ट पाहावा. मानेला झटका देऊन हाडें वाजविणाऱ्यांपासून मात्र दूर राहावें. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आंतून चिरून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें, विरळ कां होईना, नमूद आहेत.