‘ओ’सारखा दिसणारा बॉम्बे रक्तगट

बॉम्बे रक्तगट हा जगातील अत्यंत दुर्मीळ रक्तगटांपैकी एक. मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची पहिली नोंद प्रसिद्ध केली आणि शहराचे नाव या गटाला कायमचे मिळाले. भारतात साधारणपणे दहा हजारांत एकाचा, तर युरोपात दहा लाखांत एकाचा हा गट असतो. हा गट असलेल्या रुग्णाला ए, बी, एबी गटांचे रक्त चालत नाहीच. पण एरवी सर्वांच्या मदतीला धावणारे ओ गटाचे रक्तही चालत नाही.

याचे कारण लाल पेशींच्या पृष्ठभागावर आहे. तेथील शर्करांच्या साखळीला फ्युकोज ही शर्करा जोडली गेली की ‘एच’ प्रतिजन तयार होतो. एचवर आणखी एक ठरावीक शर्करा बसली की ए आणि दुसरी बसली की बी प्रतिजन बनतो. दोन्ही असले तर गट एबी. एच तसाच राहिला तर ओ. म्हणजे ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो. बॉम्बे गटात मात्र फ्युकोज जोडणारे एन्झाइमच निकामी असते. पायाच नसल्याने ए किंवा बीची जनुके असूनही ते प्रतिजन पेशीवर उमटत नाहीत.

जो प्रतिजन आपल्या पेशींवर नाही, त्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे म्हणजेच अँटिबॉडीज बाळगते. ए गटाच्या रक्तात बीविरोधी, बी गटात एविरोधी, ओ गटात दोन्ही प्रतिपिंडे असतात. एबी गटात यांपैकी एकही नसते. बॉम्बे गटात ए, बी आणि एच या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे ओ रक्त चढवले, तर त्यातील लाल पेशी फुटू लागतात, रक्तदाब कोसळू शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आरएच घटक यापासून स्वतंत्र आहे. बॉम्बे गटही पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असू शकतो.

हा गट नेहमीच्या चाचणीत निसटतो. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबांत निळे अँटी-ए आणि पिवळे अँटी-बी द्रावण मिसळले जाते. पेशी चिकटून दाणेदार पुंजके दिसले, तर तो प्रतिजन आहे असे समजतात. बॉम्बे गटात दोन्ही थेंब एकसारखे राहतात, म्हणून निष्कर्ष निघतो ‘ओ’. चूक उघड होते ती उलट चाचणीत. त्या व्यक्तीच्या सीरममध्ये ओ गटाच्या ज्ञात पेशी टाकल्या की त्यांचेही पुंजके होतात. खऱ्या ओ गटात ते होत नाहीत. अँटी-एच द्रावणाने गटाची खात्री करता येते. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे सीरम एकत्र तपासणारी क्रॉस-मॅच चाचणीही धोक्याची सूचना देते. म्हणून ती टाळून चालत नाही.

एचचे सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले, तरच हा गट उमटतो. दोघांकडे असे एकेक जनुक असेल, तर प्रत्येक अपत्यात त्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहांत दोघांकडेही असे जनुक असण्याची शक्यता वाढते. आई किंवा वडील एबी गटाचे असूनही मूल ‘ओ’ निघाले, तर पितृत्वावर किंवा मातृत्वावर संशय घेण्याआधी बॉम्बे गटाची तपासणी करायला हवी.

या रुग्णांना बॉम्बे गटाचेच रक्त लागते आणि साठवलेल्या लाल पेशी सर्वसाधारणपणे ३५ ते ४२ दिवसच टिकतात. त्यामुळे रक्तपेढीतील साठ्यापेक्षा दात्यांच्या यादीवरच अधिक भिस्त असते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचे रक्त काढून ठेवण्याचा मार्गही काही वेळा असतो. बॉम्बे गट निश्चित झालेल्या प्रत्येकाने त्याचा लेखी अहवाल नेहमी जवळ ठेवावा, रक्तपेढीत दाता म्हणून नाव नोंदवावे आणि सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्यावी. जुळणारा दाता घरातच सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते.