खाज नसलेली खरूज

खरूज म्हटले की रात्रीची खाज आलीच, असे आपण समजतो. मीही समजत होतो. एका रुग्णाने मला शहाणे केले.

पस्तिशीचा गृहस्थ. कोपरांवर व बोटांच्या बेचक्यांत राखाडी, जाड खपल्या. खाज विचारली तर म्हणाला, "फारशी नाही." सोरायसिस समजून मी स्टिरॉईडचे मलम दिले. खपल्या वाढतच गेल्या. तिसऱ्या खेपेला त्याची आई बरोबर आली. "डॉक्टर, ह्याला खाजत नाही, पण घरात आम्हा कोणालाच रात्री झोप नाही!" तिच्या हातांवर खरजेचे पुरळ होते. मुलाच्या खपलीचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर किडेच किडे! चूक माझी होती.

खरजेच्या किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. निरोगी माणसाच्या अंगावर असे किडे साधारण १०-१५ असतात. मग एवढी खाज का? ती किड्याविरुद्ध शरीर जी लढाई करते, तिची असते. म्हणूनच पहिल्या वेळी खाज ४ ते ६ आठवड्यांनी सुरू होते. पुन्हा लागण झाली तर काही दिवसांतच.

या लढाईची सूत्रे सी.डी.४ नावाच्या पांढऱ्या पेशींकडे असतात आणि एच.आय.व्ही. नेमक्या त्याच पेशी नष्ट करतो. शरीर प्रतिद्रव्ये भरपूर बनवते, पण ती किड्यांना आवरू शकत नाहीत. मग किडे हजारोंनी, कधी लाखोंनी वाढतात. खाज मात्र पुष्कळदा कमी असते. अशा रुग्णापासून घरभर लागण होते, आणि कातडीच्या भेगांतून जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतते.

ही खरूज १८४८ साली नॉर्वेत डॅनिएलसन आणि बोक या डॉक्टरांनी कुष्ठरुग्णांत वर्णिली. वार्धक्यात, दीर्घकाळ स्टिरॉईड घेणाऱ्यांत किंवा मूत्रपिंड बदललेल्यांतही ती दिसते. तेव्हा प्रत्येक खरूज म्हणजे एड्स, असा समज कृपया करून घेऊ नये.

या गृहस्थाला विश्वासात घेऊन, त्याच्या संमतीने रक्त तपासले. एच.आय.व्ही. निघाला. २०१७ च्या कायद्याने अशी संमती आणि गुप्तता बंधनकारक आहे. सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधे मोफत मिळतात. ती सुरू केली. खरजेसाठी गोळ्या व मलम यांचे अनेक डोस द्यावे लागले. आज तो कामावर जातो.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. खरजेचे औषध घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच वेळी घ्यावे. त्याच दिवशी कपडे, अंथरूण-पांघरूण कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. दुकानातून स्वतःच्या मनाने स्टिरॉईडचे मलम आणू नये. आणि जाड खपल्या असूनही खाज नसेल, तर निर्धास्त न राहता लगेच डॉक्टरांना दाखवावे.