साडेतीनशे रुपयांची किल्ली

भाचीने गेल्या वर्षी लॅपटॉप घेतला. स्वस्तातला, म्हणून 'विंडोज'विना. अधिकृत परवान्याची किंमत दहा हजारांच्या आसपास ऐकून भावोजींचा चेहरा उतरला. पण रात्री जागून त्यांनी इंटरनेटवर तोच परवाना साडेतीनशे रुपयांना शोधून काढला! ई-मेलने पंचवीस अक्षरे-आकड्यांची 'की' आली, यंत्राने ती निमूट स्वीकारली. चार महिन्यांनी पडद्यावर सूचना झळकली : ही विंडोज सक्रिय नाही. विकणाऱ्याने दुकान केव्हाच गुंडाळले होते.

दहा हजारांची वस्तू साडेतीनशेला परवडते कशी? दरवेळी चोरीच असते असे नाही. काही किल्ल्या भंगारात गेलेल्या संगणकांच्या असतात, पण तो परवाना बहुधा मूळ यंत्राशीच बांधलेला असतो. काही किल्ल्या एखाद्या संस्थेने शेकडो यंत्रांसाठी घेतलेल्या. त्यातली एकच शंभर जणांना विकली जाते. कंपनीला संशय आला की ती बंद. विक्रेता किल्लीऐवजी एखादा 'प्रोग्राम' पाठवून अँटिव्हायरस बंद करायला सांगू लागला, तर मात्र चोराला आपण होऊन दार उघडल्यासारखेच.

सर्वांत वाईट प्रकार चोरलेल्या क्रेडिट कार्डाचा. कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत फिरवते आणि भुर्दंड बसतो सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला. 'फॅक्टोरिओ' हा खेळ बनवणाऱ्या प्रागमधल्या छोट्या कंपनीने हे जाहीरपणे मांडले. अखेर २०२० मध्ये 'जीटूए' या बाजारपेठेने आपल्याकडे अशा १९८ किल्ल्या विकल्या गेल्याचे मान्य केले आणि सुमारे चाळीस हजार डॉलर भरून दिले.

जुना परवाना विकणे हा सगळीकडे गुन्हाच, असेही नव्हे. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायमचा विकत घेतलेला परवाना पुढे विकायला मुभा दिली. अट अशी की, पहिल्याने आपली प्रत वापरू नये. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ ब जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला शिक्षा सांगते. 'जाणूनबुजून' या शब्दाआड भावोजी थोडे लपले. साडेतीनशेचा आकडा पाहून शंका आली नव्हती का, असे ताईने विचारल्यावर मात्र ते गप्प झाले.

मला हसायचा अधिकार नाही. लॅमिंग्टन रोडच्या पदपथावरून शंभर रुपयांची सीडी आणताना मीही कधी लाजलो नव्हतो.

भाचीने आता फुकट आणि रीतसर मिळणारी 'उबुंटू' घातली आहे. प्रबंध 'लिब्रेऑफिस'मध्ये, मराठीतच टाइप करते. भावोजी अजून त्या विक्रेत्याला ई-मेल पाठवताहेत.