समुद्राचं पाणी आणि 570 मीटरचा चढ

उन्हाळा तापला, पैठणच्या नाथसागराची पातळी उतरू लागली, की समुद्राचं पाणी गोडं करून मराठवाड्याला द्यायची घोषणा कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून होतेच. वर पुस्ती असते की वीज सूर्याची, म्हणजे फुकट. ज्या छत्रपती संभाजीनगरात धुणी-भांडी, पाहुणे, लग्नकार्यं नळाच्या पाळीवर ठरतात, तिथे टाळ्या पडल्या तर नवल नाही. पण जरा हिशेब मांडून बघू.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी जाऊ देणारा पण क्षार अडवणारा पडदा मध्ये ठेवला, तर गोडं पाणी आपणहून खाऱ्याकडे जातं. ही ओढ जवळपास 27 बार दाबाएवढी. तिच्यावर मात करून पाणी उलट ढकलायचं तर प्रत्यक्षात 60 बारच्या आसपास दाब लागतो. तत्त्व घरातल्या आरओचंच.

आता 60 बार म्हणजे किती? सुमारे 600 मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तर तळाशी जेवढा दाब पडेल, तेवढा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून 570 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पडद्यातून दाबून काढायला जेवढा जोर लागतो, जवळपास तेवढाच ते इथवर चढवायलाही लागणार. भूगोलानं आपली चांगलीच थट्टा केली आहे.

पडद्यातून निम्म्याहून कमी पाणी गोडं होऊन निघतं. उरलेलं, जवळपास दुप्पट खारट झालेलं पाणी दाबासकट बाहेर पडतं. तो दाब वाया जायचा. आता सिरॅमिकचा फिरता दंडगोल तो जवळजवळ पूर्णपणे आत येणाऱ्या पाण्याला देऊन टाकतो. त्यामुळे हजार लिटरमागे विजेचा खर्च तीन-चार युनिटांवर आला. त्यात चढाचे दोनहून अधिक युनिट आणि तीनशेहून जास्त किलोमीटरच्या पाइपातलं घर्षण धरा. सहाच्या खाली आकडा येत नाही. पैठणहून तेवढंच पाणी शहरात आणायला चढ शंभर-सव्वाशे मीटरचा, खर्च युनिटभराच्या आत.

मग सूर्याचं काय? त्याची अडचण वेगळी. पडद्यांना चालू-बंद मानवत नाही, आणि कोट्यवधींचं यंत्र दिवसाचे सहा तास चालवून परवडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थनं यावर साधा मार्ग काढला. 2006 मध्ये सुरू झालेल्या क्विनाना प्रकल्पासाठी वीज घेतली ती दूरच्या ईमू डाउन्स पवनऊर्जा प्रकल्पाकडून, ग्रिडमार्फत. वारा पडला तर ग्रिड सांभाळून घेतं. वर्षाअखेर हिशेब जुळतो. वीज तारेतून शेकडो किलोमीटर सहज जाते, पाण्याला मात्र पंप लागतात.

मुंबई महापालिकेनं मनोरीला रोज 200 दशलक्ष लिटरचा निःक्षारीकरण प्रकल्प आखला आहे. त्याला रोज सात लाखांच्या आसपास युनिट लागतील. सौर वीज घ्यायची तर सुमारे 160 मेगावॉटचे पॅनेल आणि सहाशे-सातशे एकर जमीन. मुंबईत ती कुठून आणणार? मराठवाड्यात ऊन आहे, माळरानही आहे.

मला यात एक अदलाबदल दिसते. मराठवाड्यातली सौर वीज मनोरीला जावी आणि मुंबईनं अप्पर वैतरणेतलं आपल्या वाट्याचं तेवढं पाणी सोडून द्यावं. इगतपुरी तालुक्यातलं हे धरण सह्याद्रीच्या माथ्यावर, नाथसागरापेक्षा शंभराहून अधिक मीटर उंच. गोदावरीचं खोरं तिथून हाकेच्या अंतरावर. वळवलेलं पाणी पुढे उताराला लागेल, पैठणपर्यंत मोटारीची गरज नाही. 200 दशलक्ष लिटर रोजचे, म्हणजे वर्षाचे अडीच टीएमसी. छत्रपती संभाजीनगरची नवी पाणीयोजना रोज 392 दशलक्ष लिटरची आहे. तिच्या निम्मं पाणी झालं.

अर्थात ते नाशिकची धरणं ओलांडून पैठणला पोचलं पाहिजे. आणि वरच्या धरणांतून खाली किती सोडायचं, हा प्रश्न 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतरही टंचाईच्या वर्षी न्यायालयाची पायरी चढतो.