शेताचे शेताला

ऊस हे महाराष्ट्राचे एक प्रमुख नगदी पीक होय. कृष्णा, भीमा, गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या खोऱ्यांत उसाचे मळे आणि साखर कारखाने एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जो काळसर, चिकट द्रव मागे उरतो, त्यास मळी म्हणतात. एक टन उसापासून सुमारे ४० किलो मळी मिळते.

मळीत पाणी घालून ती आंबवली, म्हणजे किण्व नावाचे सूक्ष्मजीव तिच्यातील उरलेल्या साखरेपासून मद्यार्क तयार करतात. ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वेगळा केला, की प्रत्येक लिटरमागे साधारणतः ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी उरते. ते नदीत मिसळल्यास त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजू लागतात व त्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू संपून जातो. शहरातील सांडपाण्यापेक्षा हे पाणी शंभरपटीहून अधिक प्राणवायू खाते. मग मासे तडफडून मरतात आणि काठावरच्या गावांचे पिण्याचे पाणी नासते.

परंतु नदीला जे विष, ते शेताला अन्न ठरू शकते. ऊस जमिनीतून पालाश भरपूर शोषून घेतो. हा पालाश साखरेच्या दाण्यांत जात नाही. किण्वाला तो फारसा लागत नाही. मद्यार्काच्या वाफेबरोबर तो उडूनही जात नाही. साहजिकच त्याचा बराचसा भाग अखेर या सांडपाण्यात येऊन साठतो.

तो परत मिळविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत सांडपाणी प्रथम हवाबंद टाक्यांत कुजवून त्यापासून ज्वलनशील वायू मिळवितात. उरलेले पाणी प्रेसमडच्या, म्हणजे रस गाळताना निघालेल्या गाळाच्या ढिगांवर शिंपडतात. ढीग वरचेवर उलथवले, की दीड-दोन महिन्यांत भुसभुशीत कंपोस्ट तयार होते. दुसऱ्या रीतीत सांडपाणी आटवून दाट करतात व बॉयलरमध्ये जाळतात. त्या उष्णतेवर वाफ मिळते आणि मागे पालाशयुक्त राख राहते. तिच्यापासून दाणेदार खत बनते. १४.५ टक्के पालाश असलेल्या या खताचा केंद्र शासनाने २०२१ साली अनुदानित खतांत समावेश केला. पालाशासाठी भारताला मुख्यतः परदेशांवर अवलंबून राहावे लागते, हे ध्यानी घेता या खताचे मोल कळून येते.

मात्र हेच पाणी प्रक्रियेवाचून व बेसुमार शेतात सोडले, तर क्षार साचून जमीन नापीक होते आणि विहिरींचे पाणी बिघडते. खत आणि विष यांतील अंतर पुष्कळदा केवळ प्रमाणाचे असते. शेतातून जे घेतले, ते योग्य रूपात व योग्य मापाने शेताला परत करणे, यातच जमिनीचे आणि नदीचेही रक्षण आहे.