पेरणी आधी, प्रवेश नंतर
परभणीच्या कृषी विद्यापीठात नवे शैक्षणिक वर्ष एका दिवशी का सुरू होत नाही?

परभणी : येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात वर्षातली पहिली मोठी गर्दी विद्यार्थ्यांची नसते, ती शेतकऱ्यांची असते. १८ मे हा विद्यापीठाचा स्थापना दिन. त्या निमित्ताने खरीप पीक मेळावा भरतो आणि विद्यापीठाने तयार केलेल्या बियाण्यांची विक्री सुरू होते. सोयाबीनच्या 'एमएयूएस ७१' आणि तुरीच्या 'बीडीएन ७११' या वाणांच्या पिशव्यांसाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील माणसे उन्हातान्हात रांगा लावतात. परभणीचे मे महिन्यातील ऊन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या रांगेचे मोल वेगळे सांगावयास नको.

या रांगेतील अनेकांच्या घरी बारावीची परीक्षा दिलेला मुलगा किंवा मुलगी असते. बियाणे घेऊन वडील गावी परततात, पाऊस पडतो, पेरणी होते, कोळपणी-खुरपणी उरकते, सोयाबीनला शेंगा लागतात. आणि त्यानंतर केव्हातरी त्या मुलाचे नाव कृषी पदवीच्या प्रवेश यादीत लागते. 'जून महिना आला, महाविद्यालये गजबजली' हे वर्षानुवर्षे छापले जाणारे वाक्य कृषी विद्यापीठाच्या बाबतीत निम्मेच खरे आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थी पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. प्रथम वर्षाचे विद्यार्थी मात्र उशिरा, कधी कधी फारच उशिरा येतात. ज्या शिक्षणाचा फळा म्हणजे शेत आणि खडू म्हणजे तिफण, तेथे या उशिराचा अर्थ अन्य विद्याशाखांपेक्षा वेगळा होतो.

परभणीचा शेतीशिक्षणाशी संबंध विद्यापीठाहून जुना आहे. निजामाच्या राजवटीत १९१८ मध्ये येथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले. १९५६ मध्ये, म्हणजे मराठवाडा अद्याप हैदराबाद राज्यात असतानाच, कृषी महाविद्यालय उभे राहिले. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना राज्यात राहुरी व अकोला येथे कृषी विद्यापीठे झाली आणि १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली येथील विद्यापीठांची स्थापना झाली. तो दुष्काळाचा काळ होता. मराठवाड्यातील खेडी रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर जगत असताना येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा पाया घातला जात होता, हे विसरता येत नाही. २०१३ मध्ये विद्यापीठाच्या नावात वसंतराव नाईक यांचे नाव जोडले गेले. सोयाबीनच्या वाणांच्या नावापुढील 'एमएयूएस' ही अक्षरे मात्र जुनीच राहिली. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या इंग्रजी आद्याक्षरांना सोयाबीनचे अक्षर जोडून ती झालेली आहेत. 'परभणी क्रांती' भेंडी, 'परभणी मोती' ज्वारी, 'परभणी शक्ती' ही लोह व जस्ताचे प्रमाण अधिक असलेली ज्वारी, या वाणांमुळे ज्यांनी हे शहर कधी पाहिले नाही त्यांनाही त्याचे नाव ठाऊक झाले. थंडीच्या दिवसांत राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत परभणीचे नाव वारंवार येते, ते आकडेही बहुधा याच आवारातील वेधशाळेचे असतात.

उशीर का होतो?

पूर्वी बारावीच्या गुणांवर कृषी पदवीचे प्रवेश होत असत. आता सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने, एकेका फेरीने होतात. शेतकरी कुटुंबातील उमेदवाराला सातबाराच्या आधारे अधिभार मिळतो, त्यामुळे तलाठी कार्यालयापासून सेतू केंद्रापर्यंत कागदपत्रांची धावपळ ओघाने आलीच. परीक्षा एप्रिल-मेमध्ये आणि निकाल जूनमध्ये लागला तरी अडचण संपत नाही. जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांचे लक्ष वैद्यकीय किंवा पशुवैद्यकीय प्रवेशाकडे असते, गणित घेतलेल्यांचे अभियांत्रिकीकडे. तेथील फेऱ्या चालू असेपर्यंत कृषीची जागा धरून ठेवली जाते आणि मनासारखे मिळाले की सोडली जाते. सुटलेली जागा पुढच्या फेरीत भरावयाची, त्या फेरीत पुन्हा काही जागा सुटायच्या, असा हा पाठशिवणीचा खेळ ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतो. ज्याला कृषी पदवीच हवी आहे, जो पहिल्या फेरीतच निश्चिंत झाला आहे, त्यालाही इतरांसाठी थांबावे लागते.

करोनाच्या काळात तर ही घडी पूर्णपणे विस्कटली. २०२० मध्ये सामाईक प्रवेश परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाली, २०२१ मध्ये ती सप्टेंबरअखेरीस सुरू झाली आणि २०२२ मध्ये ऑगस्टमध्ये. त्या तीन वर्षांत दाखल झालेल्या तुकड्यांना पहिल्या सत्रात खरिपाचे उभे पीक विद्यार्थी म्हणून पाहावयास मिळणे कठीणच होते. २०२३ पासून परीक्षा पुन्हा उन्हाळ्यात आली. पण फेऱ्यांचे गणित तेच आहे.

यात नेमके काय हुकते, हे समजून घ्यावयास हवे. मराठवाड्यात ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा विद्यापीठाचाच सल्ला असतो. साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सोयाबीन पेरले जाते आणि सुमारे शंभर दिवसांत ते काढणीला येते. जमिनीतील ओल हाताने पाहणे, बीजप्रक्रिया, उगवण मोजणे, विरळणी, पहिली फवारणी हे सगळे पहिल्या दीड महिन्यात घडते. सप्टेंबरअखेर वर्गात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे येते ते पिवळे पडलेले, काढणीची वाट पाहणारे पीक. अभ्यासक्रमातील पाठ शिकवला जातोच, पण तो पुस्तकातून. शेतकऱ्याच्या घरचा विद्यार्थी हे घरी पाहून आलेला असतो. शहरातून आलेल्यांचे, आणि त्यांची संख्या आता दुर्लक्ष करण्याइतकी अल्प नाही, नुकसान अधिक होते.

एक दिलासा आहे तो रबीचा. रबी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते, हरभरा त्यापाठोपाठ येतो. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याच्या हातून जमिनीत पडणारे पहिले बी बहुधा हरभऱ्याचे किंवा ज्वारीचे असते. हुरड्याच्या दिवसांत त्याला स्वतःच्या वाफ्यातील कणसे पाहता येतात. कोरडवाहू मराठवाड्यात रबी ज्वारीचे स्थान पाहता ही सुरुवात वाईट म्हणता येणार नाही. फक्त ती ठरवून झालेली नसते.

गावात गेलेले वर्ग

वरच्या वर्गांचे चित्र वेगळे आहे. सातव्या सत्रातील विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी गावात राहावयास जातात. मुले 'कृषिदूत', मुली 'कृषिकन्या'. प्रत्येकाला एका यजमान शेतकऱ्याशी जोडले जाते. गावाचा आराखडा रांगोळीने जमिनीवर काढणे, माती परीक्षणासाठी नमुने घेणे, बीजप्रक्रिया दाखविणे, बोर्डो मिश्रण तयार करणे अशी कामे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा पानांवर 'कृषिकन्यांकडून प्रात्यक्षिक' अशा मथळ्याच्या छोट्या बातम्यांचा पाऊस पडतो, तो यामुळेच. वाचक त्या बातम्यांवरून नजर फिरवून पुढे जातात. पण कृषी पदवीच्या चार वर्षांत खरिपाचा हंगाम शेतकऱ्याच्या बांधावर सलग पाहण्याची हमखास संधी हीच. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीने पन्नाशीतल्या शेतकऱ्याला बियाण्याला औषध कसे चोळावे हे सांगायचे, यात दोन्ही बाजूंची परीक्षा असते. पहिल्या आठवड्यात शेतकरीच शिकवतो, असा अनुभव अनेक तुकड्यांनी घेतला आहे.

टाळेबंदीत विद्यार्थ्यांना गटाने दुसऱ्या गावी पाठविणे शक्य नव्हते, तेव्हा बहुतेकांनी हा कार्यक्रम आपापल्या गावातच केला. घरच्या शेतात 'कृषिदूत' म्हणून उभे राहण्याचा तो प्रसंग होता. ज्याने मुलाला कृषी शिक्षणाला पाठविले त्या बापाच्या मनात 'आता सांग, काय करू' हा प्रश्न तेव्हा उमटल्यावाचून राहिला नसेल.

शुल्क आणि बियाणे

विद्यार्थ्यांच्या परतण्याशी निगडित सर्वांत कठीण प्रश्न वेळापत्रकाचा नाही, पैशाचा आहे. जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेडकडच्या कोरडवाहू घरात जून-जुलैमध्ये बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च उभा असतो. मागील मालाचे पैसे संपलेले, पीककर्जाचे प्रकरण बँकेत पडलेले. त्याच सुमारास वरच्या वर्गातील मुलाचे सत्र शुल्क, वसतिगृहाची अनामत आणि खानावळीचे पैसे भरावयाचे असतात. शिष्यवृत्ती मिळते, पण ती थेट बँक खात्यात आणि बहुधा बऱ्याच उशिरा. मधले महिने कुटुंबाने निभावून न्यायचे असतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार अशा योजना आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक पदवीचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. कृषी शिक्षण त्यात समाविष्ट आहे. मुलीला बारावीनंतर थांबविण्याचे एक कारण त्यामुळे कमी झाले. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र उरतोच आणि परगावच्या मुलीसाठी वसतिगृहातील खोली मिळणे हाच प्रवेश घ्यायचा की नाही याचा निकाल ठरतो.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडाला. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, नदीकाठच्या जमिनी खरवडून निघाल्या. तेही नेमके प्रवेशाचेच दिवस. पीक बुडाल्याची झळ सरकारी पंचनाम्यात हेक्टरांत मोजली जाते. ती वसतिगृहाच्या खोलीपर्यंत कशी पोहोचते, याचा रकाना पंचनाम्यात नसतो. दुष्काळ किंवा आपत्ती जाहीर झाल्यावर परीक्षा शुल्क माफीची सवलत मिळते. तीही कुटुंबाच्या एकूण खर्चाचा लहान हिस्साच.

नव्यांचे स्वागत

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आता 'दीक्षारंभ' हा प्रारंभिक कार्यक्रम असतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार २०२४-२५ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाचा तो भाग आहे. प्रक्षेत्रे, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांची ओळख, इंग्रजी पारिभाषिक शब्दांची सवय, माजी विद्यार्थ्यांशी संवाद असे त्याचे स्वरूप. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात अडवतात ते शब्दच. ज्या तणाला तो लहानपणापासून हाताने उपटत आला, त्याचे लॅटिन नाव लिहिताना त्याची लेखणी थांबते. याच नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभाही आहे, त्यासाठी दहा आठवड्यांचे प्रत्यक्ष काम पूर्ण करावे लागते. शिक्षण मध्येच सुटण्याची वेळ आलेल्यांना ही वाट सोयीची ठरेल. मात्र पैशाअभावी बाहेर पडणारा आणि स्वेच्छेने बाहेर पडणारा यांत प्रमाणपत्र भेद करीत नाही.

रॅगिंगची भीती पालकांच्या मनात अद्याप असते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक या दोघांकडूनही प्रतिज्ञापत्र घेतले जाते. राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ हा असून त्यावर नाव न सांगताही तक्रार करता येते.

जुन्या विद्यार्थ्यांसाठी आवार बदलते आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून येथे डिजिटल शेती, ड्रोन व यंत्रमानव यांविषयीचे प्रशिक्षण केंद्र आले. कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, उद्यानविद्या, सामुदायिक विज्ञान ही महाविद्यालये याच परिसरात आहेत. येथील पशुवैद्यक महाविद्यालय मात्र २००० मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या विद्यापीठाकडे गेले. ड्रोन उडविणाऱ्या आवाराच्या अभ्यासिकांत रात्री दिवे जळतात ते बहुतांशी स्पर्धा परीक्षांसाठी. कृषी पदवीधर आणि लोकसेवा आयोग हे नाते मराठवाड्यात इतके घट्ट आहे की, पदवी घेऊन शेतीत किंवा शेती उद्योगात जाणाऱ्याला 'का रे, परीक्षा नाही देत?' असे आजही विचारले जाते.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, विद्यापीठात रबी पीक मेळावा भरतो. मे महिन्यात सोयाबीनची पिशवी नेलेले अनेक शेतकरी तेव्हा पुन्हा येतात, या वेळी ज्वारी आणि हरभऱ्याच्या बियाण्यासाठी. फेऱ्या वेळेत संपल्या असतील तर त्यांच्याबरोबर लोखंडी पेटी आणि गादीची वळकटी घेतलेली मुलेही असतात. वडील बियाण्याच्या रांगेत आणि मुलगा कागदपत्र तपासणीच्या. फेऱ्या लांबल्या असतील, तर वडील एकटेच येतात आणि जाताना वसतिगृह कोठे आहे एवढे पाहून जातात.