उपग्रहीय पर्जन्यानुमान व पर्जन्यमापक : ताळा घेण्याच्या अटी

कृत्रिम उपग्रह पाऊस मोजतो, असे सर्रास म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता हे विधान बरोबर नाही. उपग्रहावरील उपकरण ढगांच्या माथ्यावरून येणारे अवरक्त किरण किंवा ढगांतून येणारे सूक्ष्मतरंग टिपते. त्यांवरून खाली किती पाऊस पडत असावा याचे अनुमान बांधले जाते. पर्जन्यमापकात प्रत्यक्ष पाणी साठते. म्हणून अनुमानाचा ताळा मापकाशी घ्यावा, हे सयुक्तिकच आहे. परंतु दोहोंचे आकडे शेजारी मांडून वजाबाकी केली की ताळा झाला, हा समज भ्रामक होय.

पहिली अडचण क्षेत्राची. भारतात वापरात असलेल्या एका प्रमाणित मापकाचे मुख २०० चौरस सेंटिमीटर असते. २०१४ साली सोडलेल्या 'जीपीएम' उपग्रहाच्या आधारे तयार होणाऱ्या 'आयमर्ग' आकडेवारीतील एक चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अक्षांशावर सुमारे १२० चौरस किलोमीटरांचा असतो. तो त्या मुखाच्या जवळजवळ ६०० कोटी पट भरेल! २७ जुलै २००५ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर सुमारे २५ किलोमीटरांवरील कुलाब्यास अवघा ७३. तेव्हा एका चौकोनात एकच मापक असता दोहोंतील तफावत ही उपग्रहाचीच चूक मानणे अन्यायाचे ठरते. शिवाय मापकही निर्दोष नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात बरेच थेंब त्याच्या मुखावरून निसटतात.

कालाची अट त्या मानाने सोपी आहे. भारतीय हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठ ते साडेआठ असा धरतात, तर ग्रिनिच वेळेप्रमाणे मांडलेला उपग्रहाचा दिवस येथे पहाटे साडेपाचला सुरू होतो. आयमर्गचे आकडे अर्ध्या अर्ध्या तासाचे असल्याने हवी तशी बेरीज करता येते. मात्र ती न करणाऱ्यास रात्रीचा पाऊस भलत्याच दिवशी पडलेला दिसतो.

खरा कस लागतो तो सह्याद्रीवर. जमिनीवरील पावसाचे सूक्ष्मतरंगांवरून केलेले अनुमान बव्हंशी ढगांतील हिमकणांवर अवलंबून असते, आणि अवरक्त किरणांची पद्धत ढगाचा माथा जितका थंड तितका पाऊस अधिक असे धरून चालते. घाटमाथ्यावर मोसमी वारे वर चढताना पुष्कळदा ठेंगणे, उबदार माथ्याचे ढग तयार होतात. त्यांत हिमकण थोडे. पाऊस मात्र मुसळधार. परिणामी घाटावरील पाऊस कमी आणि पूर्वेकडील पर्जन्यच्छायेत तो अधिक दाखविला जाण्याची प्रवृत्ती आढळते. साऱ्या राज्याची सरासरी काढली तर अधिक आणि उणे परस्परांना खाऊन टाकतात व अनुमान उत्तम ठरते! कोयनेच्या जलाशयात किती पाणी येईल हे पाहणाऱ्यास अशा सरासरीचा काय उपयोग? त्याचे पाणलोट क्षेत्र नेमके घाटमाथ्यालगत आहे. म्हणून घाट आणि देश यांचा ताळा पृथक् घेतला पाहिजे. पाऊस पडला की नाही हे ओळखण्यातील यश आणि किती पडला हे सांगण्यातील यश, हेही वेगळे मोजले पाहिजे.

राहिली स्वतंत्रतेची अट. प्रबंधांत हिच्याकडेच दुर्लक्ष होण्याचा धोका अधिक. आयमर्गची पहिली आवृत्ती सुमारे चार तासांत मिळते, अंतिम आवृत्ती साडेतीन महिन्यांनी. ही अंतिम आवृत्ती जगभरच्या पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदींशी आधीच जुळवून घेतलेली असते. त्याच मापकांशी तिची तुलना करणे म्हणजे साक्षीदाराला त्याचीच जबानी वाचून दाखवून संमती घेण्यासारखे आहे. जुळवणीत न वापरलेली मापके मिळवणे कष्टाचे खरे, पण त्यास पर्याय नाही. पुराचा इशारा देणाऱ्याच्या हाती तर चार तासांची आवृत्तीच असते. अंतिम आवृत्तीला मिळालेले प्रशस्तिपत्र तिला लागू होत नाही.